गरगरणाऱ्या माशाचे कोडे

आमच्या घरी दिवाळीचा पहिला दिवा लागतो तेव्हा बैठकीतल्या काचेच्या टाकीत दहाबारा मासे असतात, आणि भाऊबीज उलटेपर्यंत त्यांतले दोनतीन तरी कमी झालेले असतात, हा काही वर्षांचा परिपाठच होऊन बसला होता. पुण्यात आश्विन सरत आला की रात्री गारठा पडू लागतो. दिवसा ऊन चांगले तापते, पहाटे टाकीची काच हाताला थंड लागते, आणि एके दिवशी माशांच्या परांवर कोणी पिठीसाखर भुरभुरावी तसे पांढरे ठिपके उमटतात. गेल्या नरकचतुर्दशीला, अभ्यंगस्नाने आटोपून सगळे फराळाला बसण्याच्या गडबडीत असताना, माझ्या नातीच्या दृष्टीला ते प्रथम पडले. "आजोबा, माशांना कांजिण्या आल्या!" असे ओरडतच ती स्वयंपाकघरात आली. पाणी बदलू या का, असे तिने विचारले. मी म्हटले, बदलायचे नाही, तापवायचे. तेव्हा माशांनाही आज ऊन पाण्याने न्हाऊ घालायचे, या कल्पनेने ती इतकी खूष झाली की चकली हातात तशीच ठेवून टाकीपाशी जाऊन बसली.

या ठिपक्यांचा धनी एक एकपेशीय जीव आहे. 'इक्थिऑफ्थिरियस' असे त्याचे दातांना व्यायाम देणारे नाव. फूके नावाच्या फ्रेंच संशोधकाने १८७६ साली त्याचे वर्णन केले. माशाच्या कातडीत तो पोसला जातो, पुष्ट झाला की माशाला सोडून तळाशी जातो, स्वतःभोवती एक डबी करून घेतो आणि तिच्यात एकाचे शेकडो होतात. ही पिल्ले पाण्यात सुटली की त्यांना एकदोन दिवसांत मासा गाठावाच लागतो. नाही गाठला तर ती मरतात. मौज अशी की या साऱ्या संसाराचे घड्याळ पाण्याच्या उष्णतेवर चालते. चोवीसपंचवीस अंशांच्या पाण्यात ही फेरी आठवड्याच्या आत पुरी होते. दहा अंशांच्या पाण्यात तिलाच कित्येक आठवडे लागतात. आणि पाणी तीस अंशांच्या आसपास नेऊन ठेवले की या जिवाचे बहुधा काही चालत नाही. म्हणून टाकीत विजेची कांडी सोडायची, हवेचा पंप जोराने चालू ठेवायचा (कारण ऊन पाण्यात प्राणवायू कमी मुरतो), आणि दहाएक दिवस वाट पाहायची. उष्ण प्रदेशातले मासे तेवढी ऊब सोसतात, परजीवी सोसत नाही. दोघांच्या सोसण्यात जे थोडेसे अंतर आहे त्यात आपला उपाय बसतो.

पण मासाच जर थंड पाण्याचा असला, आणि त्याच्या शत्रूलाही नेमके तेच थंड पाणी मानवत असले तर? टाकीपाशी बसल्या बसल्या मला जी जुनी हकीकत आठवली ती अशाच एका माशाची. मी चौतीस वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले. या हकीकतीत माझ्याही पदरी एक लहानशी चूक आहे. ती तिच्या जागी सांगेनच.

रेनबो ट्राउट हा पॅसिफिक महासागराला मिळणाऱ्या अमेरिकेतील नद्यांचा मासा. अंगावर गुलाबी पट्टा, चवीला उत्तम, आणि राहणीला मोठा टापटिपीचा: पाणी थंड पाहिजे, वाहते पाहिजे, प्राणवायूने भरलेले पाहिजे. १८८०नंतर त्याची अंडी जहाजांतून युरोपात गेली. जर्मनीच्या ओढ्यांत ब्राऊन ट्राउट पूर्वापार होताच; पण हा अमेरिकन पाहुणा तळ्यात कोंडला तरी लवकर वाढे, दाट वस्ती सोसे, आणि हाताने टाकलेले खाद्य बिनतक्रार खाई. शेतकऱ्यांनी ओढ्याकाठी मातीची तळी खणली, पाटाने पाणी आत घेतले आणि ट्राउटची शेती सुरू झाली. उरलेसुरले खाद्य आणि माशांची विष्ठा तळाशी साठून चिखलाचा जाड थर होई. त्याकडे कोण पाहतो? तळ्याला चिखल असायचाच.

१८९३ साली ब्रूनो होफर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाच्या नजरेला एक विचित्र रोग आला. म्युनिकचा हा गृहस्थ पुढे मत्स्यरोगशास्त्राचा जनक मानला गेला. १९०४मध्ये त्याने माशांच्या रोगांवर लिहिलेला ग्रंथ त्या शास्त्राचा पायाच ठरला. त्याने पाहिलेली ट्राउटची बोटुकली खाद्य टाकले किंवा कोणी दचकवले की सरळ पोहण्याऐवजी आपल्याच शेपटीमागे धावल्यासारखी गरगर फिरत, फिरून फिरून थकत आणि तळाशी निपचित पडत. कित्येकांची शेपटीकडची बाजू कोळशासारखी काळी पडलेली असे. जी वाचत त्यांचा जबडा वाकडा, डोक्याला खळगा, पाठीचा कणा नागमोडी. जर्मन लोकांनी या रोगाला 'गरगर रोग' अशाच अर्थाचे नाव दिले, आणि इंग्रजीतही पुढे तेच रूढ झाले.

कारण सूक्ष्मदर्शकाखाली सापडले. माशाचे पिल्लू लहान असते तेव्हा त्याचा सांगाडा हाडाचा नसतो, आपल्या कानाच्या पाळीत असते तशा लवचिक कूर्चेचा असतो. एक परजीवी ही कूर्चा खात होता. कूर्चा खाल्ली गेली की सांगाडा कलतो, आतला मज्जारज्जू आवळला जातो, आणि पिल्लू गरगरते. रंगावर ताबा ठेवणाऱ्या नसा दबल्या की शेपटी काळी पडते. होफरने १९०३मध्ये या परजीवीला 'मिक्सोबोलस सेरेब्रॅलिस' असे नाव दिले. 'सेरेब्रॅलिस' म्हणजे मेंदूचा. वास्तविक त्याचा मेंदूशी संबंध नाही. पण शास्त्रात एकदा बारशाला ठेवलेले नाव सहसा बदलत नाही.

या रोगाचा सविस्तर अभ्यास केला तो होफरची सहकारी मारियान प्लेन हिने. या बाईंविषयी दोन शब्द लिहिल्याखेरीज मला पुढे जाववत नाही. जर्मन विद्यापीठांची दारे स्त्रियांना बंद होती, म्हणून ती झुरिकला जाऊन शिकली आणि १८९६ साली तेथे डॉक्टरेट मिळवून म्युनिकला आली. पुढे सारे आयुष्य तिने आजारी मासे तपासण्यात घालवले. १९१४ साली बव्हेरियाच्या राजाने तिला प्राध्यापक ही पदवी दिली. त्या राज्यात ती मिळालेली ती पहिली स्त्री. तळ्यांवरून येणारे मेलेले मासे टेबलावर घेऊन बसलेली ही बाई माझ्या डोळ्यांसमोर नेहमी उभी राहते.

रोग कळला, रोगकर्ता कळला. तरी कोडे सुटले नाही. हा रोग एका माशाकडून दुसऱ्याकडे जातो कसा? आजारी माशाच्या कूर्चेत लाखो बीजाणू सापडत. ते काढून निरोगी पिल्लांना खाऊ घातले, काही झाले नाही. पाण्यात मिसळले, तरी काही नाही. आणि त्याच पिल्लांना रोगट तळ्याच्या चिखलावर सोडले की ती हमखास गरगरू लागत. पुढे रशियात आणि अमेरिकेत प्रयोग झाले. ताजे बीजाणू निरुपद्रवी, पण ओल्या चिखलात तीनचार महिने ठेवलेले मात्र घातक, असे दिसून आले. त्यावरून विद्वानांनी निष्कर्ष काढला की बीजाणू चिखलात पिकावे लागतात. लोणचे जसे बरणीत मुरावे लागते, तसे हे बीजाणू तळ्यात मुरतात! कशाने मुरतात, हे कोणी सांगू शकत नव्हते. पण 'मुरतात' म्हटले की उत्तर मिळाल्यासारखे वाटे. अर्धे शतकभर या एका शब्दावर भागले.

शेतकरी मात्र विद्वानांसाठी थांबले नाहीत, आणि माझ्या मते या हकीकतीतला शहाणपणा त्यांचाच. मातीच्या तळ्यात पिल्ले मरतात, सिमेंटच्या हौदात जगतात, एवढे त्यांना दिसत होते. त्यांनी तळाला काँक्रीट घातले, पाण्याला ओढ दिली, म्हणजे गाळ साठेना. पिल्लांना झऱ्याच्या किंवा विहिरीच्या पाण्यावर वाढवून, हाडे घट्ट झाल्यावरच बाहेरच्या पाण्यात सोडू लागले, कारण मोठ्या माशाला हा रोग फारसा बाधत नाही. मातीचीच तळी ठेवायची असली तर ती रिकामी करून त्यांत चुना किंवा कॅल्शियम सायनामाइड टाकत. या उपायांनी युरोपातल्या मत्स्यशेतीतला रोग पुष्कळ आटोक्यात आला. उपाय बरोबर होता. तो का बरोबर होता, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

मधल्या काळात रोगाने समुद्र ओलांडला. १९५०च्या दशकात तो अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात आढळला. युरोपातून खाण्यासाठी आलेल्या बर्फात गोठवलेल्या ट्राउटबरोबर तो गेला असावा, असा अंदाज आहे. अमेरिकेने युरोपला मासा दिला होता; सत्तरएक वर्षांनी युरोपने त्याची परतफेड ही अशी केली. मूळचा हा परजीवी युरोपच्या ब्राऊन ट्राउटचा जुना सोबती. दोघे एकमेकांना सोसायला शिकले होते. अमेरिकन ट्राउटची व त्याची ओळखच नव्हती, म्हणून त्याचे हाल झाले.

आता माझ्या चुकीविषयी. मी १९६८ साली शिकवू लागलो तेव्हा पाठ्यपुस्तकांत एकपेशीय प्राण्यांच्या प्रकरणाच्या शेवटी दोन गट असत. एक मिक्सोस्पोरिडिया, हे माशांतले. दुसरे अ‍ॅक्टिनोमिक्सिडिया, हे पाण्यातल्या कृमींतले. स्टोल्त्स नावाच्या चेक संशोधकाने हा दुसरा गट १८९९मध्ये वर्णिलेला. मी फळ्यावर मधे उभी रेघ ओढून दोन्ही बाजूंना फरक लिहून देई, आणि 'फरक स्पष्ट करा' हा प्रश्न वर्षाआड परीक्षेत येई. एका वर्गात एका विद्यार्थिनीने हात वर करून विचारले, "सर, दोघांच्याही बीजाणूत तसलाच गुंडाळलेला दोरा आहे. मग हे वेगळे कशावरून?" मी म्हणालो, पुस्तकात वेगळे दिले आहेत त्यावरून. वर्ग हसला, ती खाली बसली. सहामाहीच्या उत्तरपत्रिकेत तिने दोन्ही गट एकाच बाजूला लिहिले, आणि मी तिचे दोन गुण कापले.

१९८४ साली 'सायन्स' या नियतकालिकात केन वुल्फ आणि मारिया मार्किव्ह या दोघांचा एक निबंध आला. हे दोघे पश्चिम व्हर्जिनियातील लीटाऊन येथे अमेरिकन सरकारच्या माशांच्या प्रयोगशाळेत काम करीत. चिखलात मुरणे म्हणजे नेमके काय, याचाच त्यांनी पिच्छा पुरवला होता. निर्जंतुक केलेल्या चिखलात बीजाणू कितीही दिवस ठेवले तरी ते मुरत नव्हते. म्हणजे चिखल नव्हे, चिखलात राहणारे कोणीतरी! एकेक प्राणी वेगळा काढीत ते शेवटी ट्युबिफेक्स नावाच्या केसासारख्या लाल कृमीपाशी आले. बीजाणू खाल्लेल्या या कृमींच्या आतड्याच्या अस्तरात सुमारे साडेतीन महिन्यांनी एक नवाच जीव तयार झाला. जहाजाच्या नांगरासारखा, तीन लांब हातांचा, पाण्यात तरंगणारा. त्याला नवीन नाव द्यायची गरजच नव्हती. तो स्टोल्त्सने वर्णिलेल्या गटातला 'ट्रायअ‍ॅक्टिनोमिक्सॉन' होता. पिल्लांना बाधत होता तो हाच. पिल्लाला त्याचा स्पर्श झाला की तो आपले दोरे सोडून त्याला चिकटतो, त्याचे अंतरंग कातडीतून आत उतरते, आणि नसांच्या वाटेने कूर्चेपर्यंत जाते. मासा मेला की बीजाणू चिखलात, चिखलातून कृमीत, कृमीतून पाण्यात. ज्यांना दोन वेगवेगळे वर्ग म्हणून आम्ही शिकवत होतो ते एकाच प्राण्याचे दोन वेष निघाले.

पुष्कळ तज्ज्ञांनी यावर विश्वास ठेवला नाही. वर्गीकरणाची आख्खी फडताळे रिकामी करावी लागणार होती, आणि ती कोणालाच आवडत नाहीत. १९८९मध्ये एल-मतबूली आणि हॉफमन यांनी म्युनिकमध्ये, म्हणजे होफर आणि प्लेन यांच्याच गावी, स्वतंत्र प्रयोगांनी तो शोध खरा ठरवला. १९९४ साली कृमींतल्या त्या वेगळ्या वर्गाचे नावच रद्द झाले. आणि तो गुंडाळलेला दोरा? तो तर जेलीफिशच्या दंशपेशीतल्या दोऱ्याचा भाऊबंद. हे परजीवी एकपेशीय नसून जेलीफिशच्या कुळातले, खाऊन खाऊन रोडावलेले नातेवाईक आहेत, हे २०१५ साली त्यांच्या जनुकांच्या अभ्यासाने पक्के झाले. माझ्या हाती वुल्फ-मार्किव्ह यांचा निबंध पडला तो १९९१च्या सुमारास. तोवर सात वर्षे मी फळ्यावर ती उभी रेघ ओढतच होतो. त्या मुलीचे नाव मला आठवते, पत्ता नाही. दोन गुणांनी तिचा वर्ग हुकला की नाही, तेही मला ठाऊक नाही.

ट्युबिफेक्स हा आपल्या अगदी ओळखीचा आहे. माशांच्या दुकानात परातीत वाहत्या पाण्याखाली लाल, वळवळता गोळा ठेवलेला असतो तोच हा. आमच्या टाकीत आठवड्यातून दोनदा तो पडतो. डोके चिखलात खुपसून, शेपटी वर हलवीत तो राहतो. आपल्या रक्तात असते तसलेच लाल द्रव्य त्याच्यात असल्यामुळे, प्राणवायू संपत आलेल्या घाणेरड्या गाळातही त्याचे चालते. किंबहुना इतर प्राणी पळून जातात आणि सारे तळ त्याच्या एकट्याच्या मालकीचे होते. ट्राउटच्या शेतकऱ्याने मातीचे तळे खणले, पाणी संथ केले, वरून रोज खाद्य टाकले, तेव्हा त्याने न कळत या कृमीसाठीच बिऱ्हाड बांधले होते. काँक्रीटने ते बिऱ्हाड मोडले. शेतकऱ्याच्या उपायामागचे कारण हे, आणि ते कळायला नव्वद वर्षे लागली.

आता पाण्याच्या उष्णतेची गोष्ट. माशाच्या अंगात बीजाणू तयार व्हायला सतरा अंशांच्या पाण्यात सुमारे बावन्न दिवस लागतात, बारा अंशांत तीन महिने, सातात चार. कृमीच्या अंगातला भाग याहून नाजूक आहे. दहा ते पंधरा अंशांच्या पाण्यात नांगर भरघोस सुटतात. पाच अंशांत वाढ अतिशय मंदावते. आणि संशोधकांनी बाधित कृमी पंचवीस अंशांच्या पाण्यात ठेवले तेव्हा परजीवी त्यांच्या आतल्या आत मोडून नाहीसा झाला. मग तळ्याचे पाणी पंचवीस अंशांवर का नेऊ नये? नातीनेही मला हेच विचारले. कारण त्याच्या आधी ट्राउट हवालदिल होतो. त्याला जे पाणी आवडते तेच, अंशा-अंशाने, परजीवीलाही आवडते. आमच्या टाकीत जे थोडेसे अंतर उपयोगी पडले ते इथे नाही. वसंतात बर्फ वितळून पाणी दहाबारा अंशांवर येते, कोवळी पिल्ले अंड्यांतून बाहेर पडतात, आणि त्याच सुमारास कृमींतून नांगर सुटू लागतात.

शेतीत काँक्रीटने निभावले. नदीला काँक्रीट घालता येत नाही. अमेरिकेत बाधित मासे शेतांतून नद्यांत सोडले गेले, आणि १९९४ साली मोंटाना राज्यातल्या मॅडिसन नदीत हा रोग सापडला तेव्हा एका सुप्रसिद्ध पट्ट्यातले रेनबो ट्राउट सुमारे नव्वद टक्क्यांनी घटलेले होते. कोलोरॅडोतही तीच गत. पण सगळ्या नद्या सारख्या पोळल्या नाहीत. जिथे तळ खडकाळ आणि पाण्याला ओढ, तिथे कृमी थोडे आणि रोगही सौम्य. शिवाय ट्युबिफेक्सचेही निरनिराळे वंश असतात. काही परजीवीला पोसतात, काही त्याचे बीजाणू गिळून निकामी करतात, आणि दिसायला दोन्ही सारखेच लाल. तेव्हा एखाद्या नदीचे भवितव्य तिच्या गाळात कोणाची वस्ती आहे यावर ठरते.

त्यानंतरची एक घटना मला विशेष वाटते. जर्मनीतल्या एका मत्स्यशेतीत रेनबो ट्राउट पिढ्यान्‌पिढ्या या परजीवीच्या सहवासात वाढत आले होते. ज्यांना सोसले नाही ते मरून गेले, सोसणारे उरले. या शतकाच्या सुरुवातीला संशोधकांना दिसले की या माशांत बीजाणू फारच थोडे होतात. त्यांना अमेरिकेत नेले. त्या शेतीवरून त्या जातीला 'होफर' म्हणतात. त्या शास्त्रज्ञाशी तिचा संबंध नाही, निव्वळ नामसाम्य. अडचण एवढीच की हौदात लाडाने वाढलेल्या या माशाला नदीत शत्रूपासून पळ काढण्याचे फारसे कळत नाही. म्हणून कोलोरॅडोत त्याचा तिथल्या रानटी ट्राउटशी संकर करून पिल्ले सोडू लागले.

कोलोरॅडो नदीच्या वरच्या भागात विंडी गॅप नावाचे एक उथळ धरण १९८५ साली पुरे झाले. त्याच्या संथ पाण्यात गाळ साठला, गाळात ट्युबिफेक्स माजले, आणि खालच्या नदीला तिथूनच नांगरांचा पुरवठा होत राहिला. शेवटी त्या तलावाला वळसा घालून नदीसाठी दगडगोट्यांचा नवा मार्ग खणला, आणि २०२३ साली त्यात पाणी सोडले. नदी आता त्या चिखलाला न शिवता बाजूने खाली जाते.

नातीला हे सगळे सांगेपर्यंत पाडवा उजाडला होता. टाकी तीस अंशांवर होती. मोठ्या एंजल माशाच्या शेपटीवर अजून चार ठिपके होते. ती रोज मोजत होती.